दहा बाय अकरा

खय्यूम मिस्त्रीनं दारात चपला काढल्या,
टेप भिंतीला लावला
आणि तो सर्रकन डबीत परत शिरेपर्यंत
घर मोजून झालं होतं.
"इत्ताच है क्या?"
मी म्हटलं, वर छतापर्यंत आमचंच.
गंमत केली होती. तो खरंच वर बघायला लागला.
दाराच्या डोक्यावर साडेतीन फूट मोकळं.
"इधर कोन रहता?"
"पाली."
त्यानं कानामागची पेन्सिल काढली.

लातुरात घर लावायचं म्हणजे आधी ड्रम.
आमचे दोन, निळे, दोनशे लिटरचे,
आठ दिवसांनी येणाऱ्या नळाची वाट बघत
खिडकीखाली जोडीनं उभे,
ऊठ म्हणता येत नाही अशा थोरल्या दिरांसारखे.
मिस्त्रीनं त्यांना चौकटीत घेतलं,
वर बिजागरीची फळी, फळीवर गादी,
गादीला माझ्या विटलेल्या इरकलीचा अभ्रा.
बसलं की पाय लोंबतात,
म्हणून खाली पायरी, पायरीच्या पोटात चपला.
आता पाहुणे येतात, चढून बसतात,
औंदा ऊन लईच तापायलंय म्हणतात
आणि चारशे लिटर पाण्यावर
बशीतून चहा पितात.

पलंग दिवसा भिंतीला उभा.
पहिल्यांदा उचलला तेव्हा त्याचं पोट बघून मलाच लाजल्यासारखं झालं:
कच्चं प्लायवूड, वाकलेले खिळे,
पेन्सिलीनं केलेली मिस्त्रीची बेरीज.
तांड्यावरून विकायला आलेल्या सोनकीबाईकडून
लमाणी भरतकामाचा चौकोन घेतला.
आयुष्यात एकदा घासाघीस केली नाही.
तो तिथं ठोकला. चौसष्ट आरसे.
तेव्हापासून सकाळी पलंग वर गेला की
चौसष्ट वेळा खिडकी, चौसष्ट वेळा गादी,
चौसष्ट मी, ओठांत टाचण्या धरून
कुणाच्यातरी ब्लाउजची बाही कापणाऱ्या.
जागा वाढली नाही, माणसं वाढली.
बरं वाटलं.

टेबल साखळीवर भिंतीतून खाली येतं.
ताटं, मग कात्री, मग मन्मथच्या आडतीच्या वह्या.
टेबल खाली असलं की पलंग उघडत नाही,
म्हणून तुरीचा हिशोब जुळेपर्यंत
आमच्यात कुणी झोपत नाही.

आणि मग त्यानं हप्त्यावर
त्रेचाळीस इंची टीव्ही आणला. न मोजता.
कुठं लावायचा? आरशांवर? माझ्या तोंडावर?
बोलत बोलत शब्द इतके झाले
की दोघांपैकी एकानं बाहेर जाणं भाग होतं.
मन्मथ शिडी लावून माळ्यावर चढला.
रजया, दिवाळीचा आकाशकंदील, पिंप, आणि तो.
वरून पाय तेवढे दिसत होते.
मी खाली गादीवर. माझेही लोंबत होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला फोन केला.
सगळं बसवलंस बाबा, रुसायला जागा कुठंय?
तो हसला नाही.
"हमारे घर में ग्यारा लोगां, भाभी.
गुस्सा आया तो गोलाई का एक चक्कर मारते.
सोला रस्ते हैं. एक भी नको पकडो."

संध्याकाळी मन्मथला सांगितलं.
पुढच्या भांडणात तो गेला,
भांड्यांची, बांगड्यांची, सुताराच्या दुकानांची
गोल रांग फिरला असणार,
आणि तासाभरानं परत आला तो
छातीशी भलामोठा माठ धरून.
"गार राहतं," म्हणाला.
टीव्ही अजून खोक्यातच, खोक्यावर इस्त्री.

मी टेप काढला. मिस्त्री विसरून गेलेला.
दाराआड सव्वा फूट निघत होता,
माठ दीड फुटाचा.
दार काढावं लागेल, तो म्हणाला.
किंवा उलटं लावू, मी म्हटलं, बाहेर उघडणारं.
माठ दोघांच्या मध्ये जमिनीवर.
पलंग वर, टेबल वर,
बसायला खाली काहीच पाडलेलं नव्हतं.
तसेच उभे राहिलो,
टेपचं एक टोक त्याच्याकडं, एक माझ्याकडं.